शाळकरी नटाचा दिवस

मराठीत ‘तालीम’ या शब्दाचे संसार दोन आहेत. मल्ल जेथे अंगाला माती लावून घुमतात ती तालीम, आणि नट जेथे आपली भूमिका घटवतात तीही तालीमच. हा शब्द मूळचा अरबी. त्याचा मूळ अर्थ या दोहोंहून निराळा, परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला आहे. तो अर्थ म्हणजे शिक्षण. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याची जी योजना देशापुढे ठेवली, तिला ‘नई तालीम’ हे नाव मिळाले ते याच अर्थाने. शब्दाच्या पोटात शाळा आणि रंगभूमी अशी सुखाने नांदत असली, तरी चौदा-पंधरा वर्षांचे मूल नाटकात काम करू लागले की घरात या दोहोंचे भांडण सुरू होते. गणपतीच्या आधी एकदा आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आधी पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारला जातो : तालीम की अभ्यास? विचारणारे आईवडील तळमळीने विचारतात, आणि ऐकणारे मूल तितक्याच तळमळीने ‘दोन्ही’ असे उत्तर देते. या उत्तरात बालिश हट्ट किती आणि व्यवहार्य शहाणपण किती, याचा शोध घेणे उद्बोधक ठरेल.

हा प्रश्न तसा अलीकडचा आहे. नाटक मंडळ्यांच्या काळात तो निर्माणच होत नसे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि त्यानंतरची चार-पाच दशके संगीत नाटक मंडळ्यांची गेली. या मंडळ्यांना गोड गळ्याची, देखण्या चेहऱ्याची मुले लागत. मुलगा एकदा मंडळीत दाखल झाला की मंडळी हेच त्याचे घर, तालीममास्तर हाच त्याचा गुरू आणि गावोगावचा मुक्काम हीच त्याची शाळा. केशवराव भोसले दारिद्र्यापायी अगदी बालवयात मंडळीत आले, शारदेच्या भूमिकेने गाजले आणि १९०८ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढून तिचे चालक झाले. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शिरले तेव्हा तेही सतरा वर्षांच्याच घरात होते. या थोर कलावंतांची नावे उरली. परंतु त्यांच्याबरोबर मंडळीत आलेली, आवाज फुटताच मागे पडलेली आणि हाती ना विद्या ना धंदा अशा स्थितीत घरी परतलेली मुले किती, याची नोंद कोणी ठेवली नाही. घरच्या वडीलधाऱ्यांच्या मनात नाटकाविषयी जी एक जुनी धास्ती दडलेली असते, तिचे मूळ या विस्मृत मुलांच्या कहाणीत आहे. ती धास्ती निराधार नव्हती.

काळ पालटला तशी नाटकातल्या मुलाची स्थितीही पालटली. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ ही संस्था सुरू करून रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे नाटक रंगभूमीवर आणले, आणि मुलांचे नाटक ही स्वतंत्रपणे, गांभीर्याने करावयाची गोष्ट आहे हे मराठी समाजाच्या मनावर बिंबू लागले. पुढे शिबिरे आली, शाळाशाळांच्या एकांकिका आल्या, राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धा आल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाने १९८९ साली ‘संस्कार रंग टोली’ हे पथक उभारून नाट्य आणि शिक्षण यांची सांगड घातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासक्रमातील विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामध्ये कडक भिंत असू नये, असे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. आजचे मूल शाळा सोडून नाटकात जात नाही. ते शाळेतून नाटकाला जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जाऊन बसते. त्याच्यापुढचा प्रश्न आयुष्याच्या निवडीचा नसून दिवसाच्या वाटणीचा आहे.

मग ही वाटणी एकदा मांडूनच पाहावी. उदाहरणादाखल इंदुरात नववीत शिकणारी एखादी मराठी मुलगी घेऊ. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकात तिला बऱ्यापैकी मोठी भूमिका मिळाली आहे. भाद्रपद जवळ आला आहे आणि त्याच्या पाठोपाठ सहामाही परीक्षाही आहे. वर्षअखेर वीस पुस्तके वाचून काढण्याचा संकल्प तिने वहीत लिहून ठेवला आहे, आणि लहानपणापासूनची एक जिवलग मैत्रीण, जिचा नाटकाशी काही संबंध नाही, शेजारच्याच गल्लीत राहते. आठवड्याचे तास एकूण १६८. रोज साडेआठ तास झोप धरली तर साडेएकोणसाठ तास त्यात जातात. जाण्यायेण्यासह शाळेचे साडेसात तास सहा दिवस धरले तर ४५. जेवणखाण, स्नान आणि घरातली हातभाराची कामे यांना रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. ही बेरीज १२२ होते आणि ४६ तास शिल्लक राहतात. त्यांतून तालमीचे सहा दिवसांचे १५ तास वजा करावेत, ३१ उरले. अभ्यासाला सहा दिवस अडीच तास आणि रविवारी चार तास दिले तर १९ जातात, उरले १२. रोज अर्धा तास वाचनाला दिला तरी साडेआठ तास मैत्रिणीसाठी, खेळासाठी आणि नुसते खिडकीशी बसण्यासाठी शिल्लक राहतातच.

हिशेब असा कागदावर तंतोतंत जमतो, आणि प्रत्यक्षात मात्र रात्री साडेअकरा वाजता तीच मुलगी बीजगणिताच्या वहीवर डुलक्या घेत असते. पुस्तकाची खूण आठवडाभर एकाच पानावर असते. शेजारच्या गल्लीतली मैत्रीण रुसलेली असते. तास पुरेसे असताना दिवस का पुरत नाही? सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे.

याचे कारण असे की, माणसाची कामे दोन प्रकारची असतात. काही कामांत दुसरे कोणी तरी वाट पाहत असते, आणि काही कामांची वाट कोणीच पाहत नाही. तालमीला सहा वाजता दहा माणसे जमलेली असतात. एक मुलगी आली नाही तर तिच्यासमोरचा नट हवेशी बोलत राहतो, दिग्दर्शक घड्याळाकडे पाहतो आणि सगळा प्रवेश अडून पडतो. म्हणून तालीम चुकत नाही. शाळेची घंटाही कोणासाठी थांबत नाही. परंतु भूमितीचे प्रमेय कोणाची वाट पाहत नाही. फडताळातले पुस्तक निरोप पाठवत नाही. झोप तर सर्वांत सोशिक. तिला दोन तास उशीर केला तरी ती त्या रात्री तक्रार करत नाही. ज्या कामाला साक्षीदार आहे ते काम वेळेवर होते, आणि ज्याला साक्षीदार नाही ते ‘मग करू’ या एका शब्दावर पुढे ढकलले जाते. अशी सर्व निमूट कामे अखेर रात्री एकत्र गोळा होतात. वडीलधारी मंडळी ते दृश्य पाहतात आणि म्हणतात, ‘नाटकाने अभ्यास खाल्ला.’ वस्तुतः नाटकाने आपले ठरलेले अडीच तासच घेतलेले असतात. शाळा सुटल्यापासून तालमीला निघेपर्यंतचे तीन तास मात्र मोबाइलवरच्या गप्पांत, अर्ध्या झोपेत आणि ‘आता थोड्या वेळाने’ यात विरघळून गेलेले असतात, आणि त्यांचा हिशेब कोणी विचारत नाही.

रोग कळला की उपचारही फारसा अवघड राहत नाही. ज्या कामाची कोणी वाट पाहत नाही, त्याला दिवसाच्या आरंभीच ठरावीक जागा द्यावी लागते. अवघड विषय तालमीच्या आधी, दुपारी किंवा सकाळी; आणि उतरवून काढणे, नकाशा रंगवणे, वही पूर्ण करणे अशी यांत्रिक कामे तालमीनंतर, हा क्रम लाभाचा ठरतो. त्यालाही शास्त्रीय आधार आहे. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना मनाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळत राहतो, हे सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. तालमीहून परतलेल्या मुलाच्या कानात संवाद घुमत असतात, एखादी फसलेली हालचाल डोळ्यांपुढून जात नाही. अशा मनाला लगेच समीकरणे सोडवायला बसवणे म्हणजे गरम तव्यावर लोणी ठेवून ते टिकण्याची अपेक्षा करणे होय.

झोपेविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण घरोघरी याबाबत एक गैरसमज आहे. पौगंडावस्थेत मुले रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत, याला आळस असे नाव मिळते. खरे पाहता या वयात शरीराचे अंतर्गत घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य पूर्वीपेक्षा उशिरा स्रवू लागते. उशिरा येणारी झोप आणि लवकर भरणारी शाळा यांच्या कात्रीत मूल सापडते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१६ साली केली. दिवसभरात शिकलेले मनात पक्के बसते ते बऱ्याच अंशी झोपेत. त्यामुळे झोप कापून केलेला अभ्यास आणि झोप कापून केलेले पाठांतर ही दोन्ही गळक्या घागरीने पाणी भरण्यासारखी आहेत. रंगीत तालमीच्या आठवड्यात चार-पाच तास रंगमंचावर जातात, तेव्हा काही तरी कापावेच लागते. त्या आठवड्यापुरते वाचन कापावे, गप्पा कापाव्यात, गृहपाठाची सवलत शिक्षकांकडून आधीच मागून घ्यावी. परंतु झोपेला हात लावू नये. प्रयोगाच्या दिवशी आवाज बसतो, ऐन वेळी ओळ आठवत नाही, आणि चार दिवसांनी परीक्षेतही तीच गत होते, याचे कारण पुष्कळदा जागरणात सापडते.

आता नाटक अभ्यासाला काय देते, हेही पाहणे न्यायाचे ठरेल. तालमीचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम सर्वांनी वर्तुळात बसून नाटक वाचावयाचे. मग उभे राहून हालचाली बसवावयाच्या. काही दिवसांनी हातातली संहिता सुटते आणि चुकतमाकत, आठवत, अडखळत संवाद म्हणावे लागतात. शेवटी रंगीत तालीम. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने विसरले जाते, आणि एका बैठकीत अनेकदा घोकण्यापेक्षा थोडे थोडे, दिवसांच्या अंतराने उजळले तर ते टिकते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग तो मिटून आठवून पाहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून पाहणारे पुढे गेले होते.

हातातून संहिता सुटल्यानंतरची तालीम म्हणजे ही दुसरी पद्धतच होय. नट रोज थोडे आठवतो, चुकतो, सूचना घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवतो. शिवाय चांगला नट नुसते शब्द घोकत नाही. या ओळीत या पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे, हे तो शोधतो, आणि ते सापडले की शब्द आपोआप जागेवर बसतात. हेल्गा नॉइस आणि टोनी नॉइस या दांपत्याने नटांच्या पाठांतराचा दीर्घ अभ्यास करून हीच गोष्ट निदर्शनास आणली. विलक्षण गोष्ट अशी की, जे मूल दोन महिन्यांत साठ पानांचे नाटक अशा रीतीने आत्मसात करते, तेच मूल इतिहासाचा धडा मात्र आदल्या रात्री सात वेळा वाचून काढते. रंगमंचावर कमावलेली विद्या त्याने वर्गात नेलेलीच नसते. धडा एकदा समजून वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे स्वतःशी बोलून दाखवावे, दोन दिवसांनी पुन्हा तसेच करावे, एवढे त्याला कोणी सांगितले तरी तालमीने दिलेल्या शिस्तीचे चीज होईल. नाटक करणाऱ्या मुलाला ही गोष्ट समजावून द्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ‘धड्याचीही तालीम कर’ एवढे म्हटले की पुरते.

वाचनाचा संकल्प हा या चौकटीतील सर्वांत नाजूक भाग. वीस पुस्तकांचा, पन्नास पुस्तकांचा आकडा वहीत लिहिणे उत्साहाचे असते. परंतु आकडा एकदा मानगुटीवर बसला की मूल जाड पुस्तकाला हात लावत नाही. पातळ पुस्तके निवडते, वर्णने गाळते आणि शेवटचे पान उलटताच यादीवर खूण करते. वाचन मग गृहपाठाचेच एक धाकटे भावंड बनते. त्यापेक्षा रोजची दहा पाने हा संकल्प साधा आणि टिकाऊ आहे. दहा पानांनी वर्षाला ३,६५० पाने होतात, म्हणजे दोनशे पानांची अठरा पुस्तके, आणि यात पुस्तकाच्या जाडीला दंड नाही.

तालमीत स्वतःचा प्रवेश येईपर्यंत विंगेत बसून राहावे लागते, तो वेळही येथे उपयोगी पडतो. अशा तुटक वेळेला कादंबरीपेक्षा एका बैठकीत संपणारे लेखन मानवते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ किंवा पु. ल. देशपांडे यांची ‘व्यक्ती आणि वल्ली’ ही व्यक्तिचित्रांची पुस्तके शाळकरी नटाच्या पिशवीत असावीत, याला आणखीही एक कारण आहे. माणूस कसा बसतो, कसा बोलतो, काय लपवतो हे न्याहाळणे हा नटाचाच व्यवसाय. आणि ते काम या लेखकांनी कागदावर केलेले आहे. मात्र विंगेतला सगळाच वेळ पुस्तकात घालवावा असे नाही. दुसऱ्यांचे प्रवेश डोळे भरून पाहणे हेही तालमीतले अर्धे शिक्षण आहे.

मैत्रीचा हिशेब तासांनी होत नाही. नाटकातली मैत्री झपाट्याने जडते. एकत्र घाम गाळणे, एकाच पिशवीतले चुरमुरे खाणे, प्रयोगापूर्वीची धडधड वाटून घेणे यांतून महिनाभरात जी जवळीक होते, ती वर्गात वर्षभर शेजारी बसूनही होत नाही. त्यामुळे नाटकाबाहेरची जुनी मैत्रीण मागे पडते, आणि ती मागे पडते आहे हे नाटकातल्या मुलीच्या ध्यानीही येत नाही. ही मैत्रीण त्या निमूट कामांसारखीच असते. तालमीच्या घड्याळात तिला जागा नसते. प्रयोग संपतो, पडदा आणि ठोकळे गाडीत चढतात, मंडळी आपापल्या घरी पांगतात आणि चार दिवस विलक्षण रिकामे वाटू लागतात. त्या वेळी परत जाण्यासाठी जागा उरलेली असावी लागते. यावर एक सोपा उपाय आहे. संवाद पाठ करताना समोर संहिता धरून बसणारे कोणी तरी लागतेच. ते काम जुन्या मैत्रिणीला द्यावे. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ती समोर बसली, चुकलेल्या ओळी दाखवत राहिली, हसली, तर नाटक तिचेही होते. प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकांत बसून ओठांतल्या ओठांत संवाद म्हणणारी ती एकटीच असेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत या सगळ्याला आणखी एक गहिरा पदर आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे मराठी घरे कित्येक पिढ्या नांदत आहेत. मुलांची शाळा हिंदीची, इंग्रजीची किंवा त्या त्या प्रांताच्या भाषेची. मराठी ती घरात बोलण्यापुरती. अशा मुलाच्या तोंडून ‘पुस्तक चांगली आहे’ असे सहज निघून जाते, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि पुस्तक तेथे स्त्रीलिंगी आहे. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ या दोन शब्दांतले च वेगळे आहेत, हे त्याच्या कानाला जाणवतच नाही. ‘ळ’ आणि ‘ण’ यांची तर रोजच गाळण होते. घरातली आई दहा वेळा दुरुस्त करते आणि मूल दहाही वेळा कंटाळते. तीच दुरुस्ती तालमीत मात्र ते विनातक्रार स्वीकारते; कारण तेथे च चुकला तर पात्र खोटे वाटते, आणि पात्र खोटे वाटलेले कोणत्याही नटाला खपत नाही. आजीशी बोलण्याची मराठी, दरबारात बोलण्याची मराठी, बाजारात भांडण्याची मराठी अशी भाषेची नाना रूपे त्याला नाटकातच मोठ्याने उच्चारायला मिळतात. जे मूल शाळेत मराठीची एक ओळही वाचत नाही, ते नाटकाच्या निमित्ताने साठ पाने मराठी वाचते, आणि एकदा नव्हे, शंभरदा वाचते. महाराष्ट्राबाहेरच्या घरातून ‘यंदा नाटक बंद’ असा हुकूम सुटतो तेव्हा अनेकदा मुलाची मराठीही त्यासरशी बंद होते, आणि हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

याचा अर्थ सारा भार मुलांनीच वाहावा असा नाही. मोबदला घेऊन काम करणाऱ्या बालकलाकारांना निदान कायद्याचे कवच आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियमही सुधारले गेले. त्यांनुसार दृक्‌श्राव्य करमणुकीच्या व्यवसायात वा व्यावसायिक कार्यक्रमात चौदा वर्षांखालील मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांपलीकडे ते काम लांबवता येत नाही, आणि त्याच्या शिक्षणात खंड पडू न देण्याचे बंधन निर्मात्यावर असते. हौशी मंडळाच्या किंवा शाळेच्या नाटकातल्या मुलाला असे कोणतेच कवच नाही. तेथे कायद्याची जागा दिग्दर्शकाच्या विवेकाने घ्यावयाची असते. आठवड्याचे वेळापत्रक रविवारीच हाती द्यावे. ज्यांचा प्रवेश असेल त्यांनाच बोलवावे. आठ वाजता संपवू म्हटले तर आठ वाजताच संपवावे. परीक्षेच्या तारखा आधी विचारून मगच प्रयोगाची तारीख धरावी. रात्री घरी परतणाऱ्या मुलींच्या सोबतीची व्यवस्था करावी. ही पथ्ये पाळणाऱ्या दिग्दर्शकाच्या नाटकातली मुले अभ्यासातही फारशी मागे पडत नाहीत, आणि पाळल्या न जाणाऱ्या वेळा मात्र हुशार मुलालाही बुडवतात.

आईवडिलांच्या वाट्यालाही एक अवघड पथ्य येते. चाचणीत गुण घसरले म्हणून चालू नाटकातून मुलाला काढून घेण्याचा मोह आवरला पाहिजे. अशा वेळी शिक्षा एका मुलाला होत नाही, दहांना होते. आणि दिलेला शब्द मध्येच मोडता येतो, हा धडा मूल आयुष्यभर लक्षात ठेवते. निर्णय घ्यावयाचा तो आरंभी घ्यावा. दहावीचे वर्ष असेल तर शाळा सुरू होतानाच सर्वांनी एकत्र बसून ठरवावे : यंदा मोठी भूमिका नको, दोन प्रवेशांची चालेल, किंवा भूमिकाच नको, नेपथ्याला हात लावू, प्रॉम्प्टिंग करू, रविवारी येऊ. महाराष्ट्रात दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि संमेलने डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा संकट कोणत्या महिन्यात येणार हे जूनमध्येच ठाऊक असते. जूनमध्ये दिलेला नकार जानेवारीतल्या माघारीपेक्षा केव्हाही बरा. मुलाने स्वतः विचार करून नाटक बाजूला ठेवले तर त्यात पराभव नाही. ती त्याने स्वतः केलेली वाटणी आहे, आणि वाटणी करता येणे हेच तर शिकावयाचे आहे.

गणपतीतला तो प्रयोग दोन तासांत संपून जाईल. टाळ्या मिळतील किंवा मिळणार नाहीत. पुढे त्या मुलीने नाट्यक्षेत्रात जावे, वैद्यकी करावी किंवा हिशेबनीस व्हावे, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र कोणत्याही व्यवसायात तिला अशी पुष्कळ कामे भेटतील, जी न केल्याबद्दल त्या दिवशी तरी कोणी जाब विचारणार नाही : अहवाल नीट वाचणे, आजारी मैत्रिणीला पत्र लिहिणे, वेळेवर झोपणे, एखादे पुस्तक संपवणे. दहा जण वाट पाहत असताना वेळेवर पोहोचण्याची शिस्त तिला तालमीने लावली आहे. कोणीच वाट पाहत नसतानाही वेळेवर पोहोचावयाचे, ही पुढची इयत्ता. म्हणून ‘तालीम की अभ्यास’ असे विचारण्याऐवजी घरातल्या मोठ्यांनी संध्याकाळच्या चहाच्या वेळी तिला एवढेच विचारावे : ‘आज कोणी वाट पाहत नाही असे तुझे काम कोणते, आणि ते किती वाजता करणार आहेस?’ तिने वेळ सांगितली की विषय तेथे संपवावा, आणि तिला तालमीला जाऊ द्यावे.